आबाकची कबुली

शुक्रवारची दुपारची नमाज आटोपून दातुक मामा घराण्याच्या बैठकीला येणार होते. देस्मा सकाळपासून चुलीपाशी नारळाचं दूध ढवळत होती, आणि विर्दा आदल्या दिवशी पेकानबारूच्या गाडीतून उतरली तेव्हापासून आमाकच्या, म्हणजे आईच्या, मांडीला मांडी लावून बसली होती. आमच्याकडे घरात दोन बहिणी असल्या की हे ठरलेलंच. एकीने रांधायचं, दुसरीने कौतुक करून घ्यायचं.

"माझी विर्दा किती वाळली गं," आमाक सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाली. "तिथे खायला घालतात की नाही तुला?"

"घालतात गं आमाक." विर्दानेही तिसऱ्यांदा, पहिल्याइतक्याच गोडीने उत्तर दिलं. ती पेकानबारूला इस्पितळात नर्स आहे. तिला या गोडीचा पगार मिळतो, असं देस्माचं मत होतं.

देस्माने पळी जरा जोरात आपटली. तिचं वय पन्नास. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झालेली, मुलं जकार्ताला. आईबापांपाशी राहणारी ती एकटीच. आणि गेल्या वर्षभरात आमाकने तिला ‘वाळलीस’ म्हणणं सोडाच, धड नावाने हाकही मारली नव्हती. ‘अगं ए’, ‘ऐकलंस का’, ‘तू, तिकडची’. देस्मा ऐकायची, वाढायची, आणि भांडी घासताना पुन्हा आठवून जळायची.

मंगळवारी सकाळी आमाकने आबाकचे, म्हणजे वडिलांचे, कपडे बांधून पायरीवर ठेवले. आमच्याकडे एवढं पुरतं. घर बायकोचं, शेत बायकोचं, आणि नवरा तिच्या घरी राहायला आलेला. बायकोने कपडे बाहेर ठेवले की पुरुषाने ते उचलायचे आणि आपल्या बहिणीच्या घरची वाट धरायची. कारण विचारणारा पुरुष अडाणी ठरतो. आबाक शहात्तर वर्षांचे, लग्नाला एक्कावन्न वर्षं झालेली. त्यांनीही विचारलं नाही. काळी टोपी डोक्यावर ठेवली, कपडे उचलले आणि नदीच्या पुलाकडे निघाले.

विचारण्यासारखं काही उरलंही नव्हतं म्हणा. पंधरा दिवसांपूर्वी शेजारच्या लग्नात आमाकने भर पंगतीत, चाळीस बायकांच्या देखत सांगून टाकलं होतं, "आमच्या ह्यांना आता दुसरी मिळालीय. विधवा आहे मेली. रोज संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर ह्यांना केळ्याची भजी खाऊ घालते." बायका ओढणीआड हसल्या आणि घरी जाऊन नवऱ्यांना सांगायला धावल्या. गावात केळ्याची भजी तळणारी विधवा एकच, मशिदीच्या वळणावरची मार्नीस. पुढचं गावाने आपणच जुळवून घेतलं.

देस्माचाही त्यावर अर्धा विश्वास बसला होता. त्याला कारण आबाकच होते. गेली दोन वर्षं त्यांनी आमाकभोवती कुंपणच घातलं होतं. तिचे केस विंचरायचे ते. तिच्याआधी उत्तर द्यायचे ते. देस्मा खोलीत शिरली की "तू जा, मी बघतो" म्हणायचे. आईचे केस विंचरणं लेकीचं काम, आणि लेक घरात धडधाकट असताना बाप ते काम हिसकावून घेतो, म्हणजे काय? इतकी सेवा अपराधी माणूसच करतो, असा देस्माने अर्थ लावला होता.

विर्दा स्वयंपाकघरात आली आणि दार ओढून घेतलं.

"उनी, आमाक अशी कधीपासून झालीय?" आमच्याकडे थोरल्या बहिणीला उनीच म्हणतात.

"कशी?"

"तेच तेच विचारते. काल साडेचार वाजले तशी उठून दारापाशी गेली, मला घरी जायचंय म्हणाली. रात्री चुन्याची डबी सापडेना तर म्हणाली, चोरली. तिच्याच पदराला बांधलेली होती. आणि आबाकवरचा हा संशय."

"त्र्याहत्तर वर्षांची आहे ती. तू होशील तेव्हा कळेल."

"म्हणजे तुला दिसलंय हे सगळं."

"मला एवढंच दिसतं की तू आलीस की तिचा चेहरा फुलतो." देस्माने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "विसरण्याचा आजार असता तर तुझं नाव नसती विसरली? माझंच बरं विसरायला होतं!"

"उनी, तसं नसतं ते. रोज समोर असणारं माणूस..."

"वर्षातून दोनदा यायचं, दोन दिवस मांडीला मांडी लावून बसायचं आणि आईला आजारी ठरवून गाडीत बसायचं. सोपं आहे गं. आणि ती आजारी ठरली की उद्या घरची थोरली कोण?"

"तू," विर्दा शांतपणे म्हणाली. "पेरणी कधी, लग्न कुणाचं, सगळं तुझ्या शब्दावर चालेल. मला वाटलं, तुला ते हवं असेल."

देस्माने डोळे पुसले. धूर होताच, निमित्त शोधावं लागलं नाही. "हवंय," ती म्हणाली. "लपवू कशाला? पण तिच्या हातून हवंय. चार माणसांत तिने म्हणावं, ही माझी मोठी, माझ्यामागे ही. तिला वेडी ठरवून नकोय मला."

०

नदीपलीकडच्या घरात नुरआत्या भावाला जेवू घालत होत्या. एक्कावन्न वर्षांनी भाऊ परत मिळाला होता, आणि त्यांना तो आनंद लपवायचाही नव्हता.

"अजून एक मासा घे, जमारीस. तिकडे डोकं वाढायचे की नुसती शेपटी?"

"पुरे, नुर."

"पुरे कसं? तिच्या शेतात जन्मभर राबलास. इथे बांध फुटला तेव्हा निरोपावर निरोप पाठवले मी. आलास? तिच्या घरचे जावई म्हणून ‘सुतान’ अशी हाक मारतात आणि तू टोपी सावरत उभा राहतोस. नावाने हाक मारणारं माणूस मी एकटीच उरलेय तुला."

आबाक भाताचा घास नुसता चिवडत होते. त्यांच्या मनात दोन वर्षांपूर्वीची ईद होती. त्यांची बायको शामसिनार नारळाच्या दुधातलं मटण, रंदांग, शिजवत होती. पंचक्रोशीत तिच्या हातच्या मटणासाठी लोक वाट वाकडी करून येत. मसाला परतून झाला, दूध ओतलं आणि ती पळी धरून उभीच राहिली. मग त्यांच्याकडे वळून हळूच म्हणाली, "आता पुढे काय हो?" आणि हसली. त्यांनीही हसून घेतलं. पण त्या दिवसापासून ते स्वयंपाकघरात तिच्या मागे उभे राहू लागले आणि पुढचं पुढचं कानात सांगू लागले.

मग तिने बायकांच्या कुराणपठणाला जाणं सोडलं. गुडघे दुखतात म्हणाली. गुडघे चांगले होते, ओळ सापडत नव्हती. मग दुपारची बसल्या बसल्या झोपू लागली. कधी कशावरही न रागावणारी बाई पेल्यातलं पाणी कोमट आहे म्हणून रडू लागली. एकदा घरापासून शंभर पावलांवर, स्वतःच्याच शेताच्या बांधावर तिला वाट सुचेना. आबाक धावत गेले तेव्हा तिने त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"कुणाला कळू देऊ नका," ती म्हणाली होती. "सावियामावशीचं मी काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे."

त्यांना ठाऊक होतं. सावियामावशी आधीची थोरली. ती चुकू लागली तेव्हा अडतीस वर्षांच्या शामसिनारने भर बैठकीत उठून सांगितलं, हिला आता काही कळत नाही. थोरलेपण शामसिनारकडे आलं. मावशीला मागची खोली मिळाली. शेजारची पोरं खिडकीतून डोकावून तिला वेडेवाकडे प्रश्न विचारायची आणि उत्तरांना हसायची. चार वर्षं ते हसणं घरात ऐकू येत होतं.

"माझ्यावर तसं कुणी हसायला नको," शामसिनार बांधावर रडत म्हणाली होती. "त्यापेक्षा काहीही चालेल." आणि त्यांनी शब्द दिला होता.

"त्या मार्नीसचं खरं का रे?" नुरआत्यांनी डोळे बारीक केले. "मला तर खरं असलेलं चालेल. शामसिनारला कळू दे, आपलं माणूस दुसऱ्या बाईच्या घरी असलं की कसं वाटतं ते."

"खरं आहे," आबाक म्हणाले. "आज बैठकीत तसंच सांगणार आहे."

आत्यांचा वाढता हात थांबला. त्यांनी भावाकडे नीट पाहिलं. लहानपणी तो फणस चोरल्याची कबुली द्यायचा, तेव्हाही फणस बहुधा नुरनेच खाल्लेला असायचा.

"तू त्या वळणावरून कधी जातसुद्धा नाहीस. तुला तेलाच्या वासाने खोकला येतो." मग त्या म्हणाल्या, "तिला काय झालंय, जमारीस?"

"काही नाही. नवऱ्यावर चिडलीय. चिडलेल्या बायकोला गाव हसत नाही, नुर. गाव तिच्याच बाजूने उभं राहतं."

नुरआत्यांना सगळं समजलं आणि त्यांचा जळफळाट दुप्पट झाला. "तिच्यासाठी एवढं! माझा नवरा चाळीस वर्षांत माझ्यासाठी एक साधी थाप मारून आला नाही कुणाकडे." त्यांनी रागारागाने भावाच्या ताटात आणखी एक मासा वाढला.

०

दातुक मामा आमाकचे धाकटे भाऊ, घराण्याचे मुख्य. बैठकीला येताना ते गंभीर चेहरा करून आले होते, पण मनातून त्यांना बरं वाटत होतं. बायकोच्या घरात आलेल्या पुरुषाने पाहुण्यासारखं राहावं, घरच्या गोष्टी बहिणीने भावाला विचाराव्यात, अशी आमची रीत. गेली दोन वर्षं ते बहिणीला काहीही विचारायला गेले की उत्तर सुतान द्यायचा. "ती विचार करून सांगेल, दातुक." "ती दमलीय, दातुक." सख्ख्या बहिणीशी बोलायला मेहुण्याची परवानगी लागावी? आज तोच मेहुणा दाराजवळच्या चटईवर, जावयांच्या जागी, मान खाली घालून बसला होता.

पानाचं तबक फिरलं. दातुक मामांनी आपलं लांबलचक भाषण केलं, आभाळाला आणि पृथ्वीला नमस्कार करून. आमाक आपल्या जागी ताठ बसली होती. विर्दाने तिला निळी ओढणी पांघरवली होती. बैठकीची रीत तिच्या हाडांत मुरलेली, कुठे मान डोलवायची, तबक कुठल्या हाताने पुढे सरकवायचं, काही चुकलं नाही. पाहणाऱ्याला वाटावं, हिला काय झालंय? मामांनाही तेच वाटलं.

"सुतान," ते म्हणाले, "आमच्या बहिणीने तुमचे कपडे पायरीवर ठेवले. ती उगीच तसं करणार नाही. तुमचं म्हणणं काय?"

"तिचं खरं आहे," आबाक म्हणाले.

खोलीत कुजबुज उठली. बायकांच्या बाजूला विर्दाने झटकन मान वर केली. "आबाक!"

"विर्दा, मध्ये बोलू नकोस." आबाकनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "माझ्या हातून चूक झाली, दातुक. या वयात शोभत नाही, पण झाली. शामसिनार म्हणते त्यातला शब्दही खोटा नाही. तिचं डोकं ठिकाणावर आहे, डोळे तर माझ्यापेक्षा चांगले आहेत."

हे शेवटचं वाक्य कुणी विचारलेलं नसताना ते का बोलले, हा विचार दातुक मामांच्या मनात आला आणि गेला. त्यांना पुढचं बोलायची घाई होती.

"बघा!" आमाकने मांडीवर हात मारला. तिचा चेहरा कित्येक महिन्यांत असा उजळला नव्हता. "मी म्हणत होते ना? मला खुळी समजत होते सगळे." आणि पुढच्याच क्षणी ती नवऱ्याकडे वळली. "पण असं का केलंत हो? मी काय कमी केलं होतं?"

आबाकनी टोपी काढून हातात घेतली. 

"म्हणजे कबूल," दातुक मामा म्हणाले. "मग सुतानांनी या घराची पायरी चढू नये. पुढच्या आठवड्यात काझींसमोर तलाकचं..."

"थांबा, दातुक!"

बायकांच्या मागून मार्नीस उठली. तिला बोलावलेलंच होतं, पण खाली मान घालून रडायला. ती कमरेवर हात ठेवून उभी होती आणि दोन्ही हातांवर तेलाचे जुने डाग होते.

"माझी पोर लग्नाची आहे. पंधरा दिवस लोक भजी घेताना माझ्या तोंडाकडे बघतात. गप्प बसले, म्हटलं मोठ्या घरची भानगड, मिटेल. आता हे म्हातारबुवा खुशाल कबूल करून मोकळे! अहो सुतान, आयुष्यात एक भजं तरी घेतलंत माझ्याकडून?"

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही," आबाक पुटपुटले.

"गावाने घेतलंय ना! मशिदीसमोर शपथ घेते मी, हा माणूस माझ्या गाडीपाशी कधी उभा राहिलेला नाही. तुमच्या घरी भजी नेते ती देस्मा. रोज साडेचारला, सहा. कडेची कुरकुरीत वेगळी बांधून मागते, बापाला आवडतात म्हणून."

कुणीतरी हसलं. दातुक मामा गडबडीने आमाककडे वळले.  "उनी, तूच सांग एकदा. ती बाई कोण? नाव घे."

आमाकने तोंड उघडलं आणि मिटलं. नाव तिला सापडेना. ती गोंधळून माणसांवरून नजर फिरवू लागली. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडून देस्मा कॉफीचे पेले घेऊन आली. आत लाकडांचा आवाज होता, तिने यातलं काहीच ऐकलं नव्हतं. तिने सवयीने पहिला पेला आबाकसमोर ठेवला.

"हीच!" आमाक ओरडली. "बघा, बघा सगळ्यांनी! माझ्यासमोर, अजूनही, आधी त्यांनाच!"

०

देस्माच्या हातातला पेला कलंडला. गरम कॉफी पायावर सांडली, तेही तिला उशिरा कळलं.

"आमाक, मी देस्मा."

"माझ्या लेकीचं नाव घेऊ नकोस तुझ्या तोंडाने! माझ्या चुलीपाशी उभी राहतेस, माझं पातेलं वापरतेस, संध्याकाळी ह्यांच्याशेजारी बसून खीखी हसतेस. ही इथेच राहते हो, दातुक. जातच नाही."

 मार्नीसने तोंडावर पदर धरला. पंधरा दिवस अख्ख्या गावाने जिला शोधलं ती बाई घरातच भात शिजवत होती, हे एकेकाच्या लक्षात येत गेलं, तशी एकेकाची मान खाली गेली. देस्माला वर्षभरातल्या सगळ्या हाका आठवल्या. अगं ए. तू, तिकडची. तिला वाटायचं, आपण नावडती आहोत. नावडती असणं बरं होतं. नावडती असली तरी लेक होती.

आणि तिने किती दिवस विर्दाच्या नावाने बोटं मोडली होती. आईला विर्दा आठवते म्हणून, आणि बाप केस विंचरतो म्हणून. आता कुणाच्या नावाने मोडायची?

"कधीपासून?" तिने बापाला विचारलं. "आबाक, कधीपासून आहे हे?"

"गेल्या ईदच्या आधीची ईद," आबाक म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. "मी तिला शब्द दिला होता गं. तुला बाहेर पाठवायचो ते त्यासाठी. तुला बघितलं की ती कधीकधी... मला वाटलं, तुला कळायच्या आधी बरी होईल."

"मला एक फोन केला असतात!" विर्दा रडत होती, पण नर्सचा हात आमाकच्या पाठीवर फिरतच होता. "मामा, जे माणूस रोज डोळ्यांसमोर असतं त्याच्यावरच संशय बसतो या आजारात. खोटं बोलत नाही ती. तिला खरंच दिसतं तसं. म्हातारपणाच्या नावाखाली दोन वर्षं गेली. तिला उद्याच शहरात डॉक्टरांकडे न्यायला हवं. बरं नाही झालं तरी, सुसह्य करता येतं."

दातुक मामांच्या तोंडून एकदम निघून गेलं, "आणि मला वाटत होतं, सुतान तिला माझ्याशी बोलू देत नाही." ते उठले. रीत सोडून स्वतः दारापर्यंत गेले आणि मेहुण्याला हाताला धरून आमाकपाशी आणून बसवलं.

आमाकने लगेच नवऱ्याची बाही मुठीत धरली. "तुम्ही बसा इथे. पुरुषाचं काय, भुलतो. मी काय आज ओळखते तुम्हाला? पण ही जायला हवी. ही घरात असेपर्यंत मी पाण्याला शिवणार नाही." बाहेर ऊन कलायला लागलं होतं. साडेचार होत आले असावेत, कारण तिच्या अंगाला कापरं भरू लागलं होतं आणि ती दाराकडे, देस्माकडे, पुन्हा दाराकडे पाहत होती.

"मी जाते," देस्मा म्हणाली.

"उनी, वेड्यासारखं करू नकोस," विर्दा म्हणाली. "मागच्या दाराने जाऊन बस जरा. तासाभरात विसरेल ती."

"आणि उद्या साडेचारला? परवा? ती मला बघून रोज जळणार, आणि तिला जळताना बघून आबाक पुन्हा काहीतरी कबूल करून बसणार. मी नुरआत्याकडे राहते. तू रजा वाढवून घे. तुला ती ओळखते." हे शेवटचं म्हणताना अजूनही तिला हेवा वाटलाच. खोटं कशाला सांगायचं.

"देस्मा," दातुक मामा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "या घराची पायरी आजवर जावई उतरलेत. लेक कधी उतरलेली नाही. घर तुझं आहे. आणि आता थोरलेपणही..."

"आमाक आहे तोवर ते तिचंच. काही विचारायचं झालं तर तिच्यासमोर बसून विचारा, उत्तर आबाक देतील. दोन वर्षं ते देतायतच, तुमचं काही बिघडलं नाही." मग मार्नीसकडे वळून ती म्हणाली, "ताई, माफ कर. आणि बैठकीतल्यांनो, बाहेर कुणी हसलेलं माझ्या कानावर आलं तर मी पुन्हा ही पायरी चढून येईन."

ती दाराबाहेर आली. चपला शोधताना तिला एकच सापडली, दुसरी कुणाच्या तरी चपलांखाली गेली होती. ती दुसऱ्या पायरीवर वाकलेली असताना मागून आमाकचा आवाज आला.

"ए, थांब!"

देस्मा थांबली. आमाक विर्दाचा हात झटकून उंबऱ्यापर्यंत आली होती. कापरं थांबलं होतं. तिचा आवाज थोरलीचा होता, पेरणीचा दिवस ठरवणारा.

"आज माझी मोठी घरात नाही म्हणून तुझं धाडस झालं. ती असती तर तुला चुलीपाशी फिरकू दिलं नसतं. धाकटीला मी माझी गुणाची म्हणते, लाडाची म्हणते. दूर राहते, चार दिवसांची पाहुणी. तिला गोड बोलायला माझं काय जातं? पण हे घर माझ्या मोठीवर उभं आहे. तिला मी कधी बोलून दाखवलं नाही, घरच्या माणसाला काय बोलून दाखवायचं? माझ्यामागे या जागी तीच बसणार आहे. जा, सांग गावात जाऊन."

चार माणसांत, भर बैठकीत, आईच्या तोंडून. पन्नास वर्षं देस्मा याच शब्दांसाठी जळली होती. ते मिळाले तेव्हा ती एका पायात चप्पल घालून उभी होती आणि देणारी तिला ओळखत नव्हती. दाराआड विर्दाने हे सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा पडला होता, आणि देस्माला पहिल्यांदाच धाकट्या बहिणीची दया आली.

"कुठे गेलीय तुमची मोठी?" देस्माने विचारलं. आवाज सांभाळायला तिला कठडा धरावा लागला.

"येईल इतक्यात," आमाक म्हणाली. "मला सोडून ती कुठे जाणार?"

देस्मा उरलेल्या पायऱ्या उतरली.